जपानमध्ये विजेच्या उपचाराला संमती देण्यापूर्वी

तोक्योच्या एदोगावा विभागात, विशेषतः निशि-कासाई स्थानकाच्या आसपास, आणि योकोहामाच्या काही भागांत संगणकव्यवसायाच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे येऊन राहिली आहेत, त्यांचा जपानी इस्पितळांशी परिचय बहुधा बाळंतपण, मुलांचे ताप आणि कंपनीची वार्षिक तपासणी यांपुरताच असतो. आणि म्हणूनच ज्या दिवशी घरातील एखादे माणूस अन्नपाणी टाकून भिंतीकडे तोंड करून पडून राहते, किंवा आपल्या हातून अक्षम्य पाप घडले असे सांगत मृत्यूची वाट धरू पाहते, औषधांनी काही उतार पडत नाही आणि अखेर मनोविकारतज्ज्ञ एक छापील कागद पुढे ठेवून विजेच्या उपचारास संमती मागतात, त्या दिवशी त्या कुटुंबाला भाषा, कायदा आणि भय या तिघांशी एकाच वेळी झुंजावे लागते. ‘शॉक’ म्हटले की आपल्या मनात ठाणे किंवा येरवड्याच्या इस्पितळाच्या उंच भिंती आणि हिंदी चित्रपटांतला, हातपाय बांधलेला, किंचाळणारा रुग्ण उभा राहतो. त्या चित्राच्या धाकाने संमती नाकारणारी कुटुंबे आहेत, आणि परक्या देशात डॉक्टरांना प्रश्न कसा विचारावा या संकोचाने न वाचताच शिक्का उठविणारीही आहेत. या दोहोंपैकी कोणाच्याही हातून रुग्णाचे हित साधत नाही, अशी माझी पक्की समजूत असल्यामुळे, संमतीपूर्वी काय समजून घ्यावे आणि कशाचा आग्रह धरावा, ते येथे शक्य तितक्या तपशिलाने मांडीत आहे.

प्रथम उपचाराचे स्वरूप. डोक्यावर दोन ठिकाणी विद्युदग्र लावून काही सेकंद वीज सोडली असता मेंदूत अपस्माराच्या आकडीसारखी एक आकडी उत्पन्न होते, आणि गुण येतो तो या आकडीने; विजेचे काम ती उत्पन्न करण्यापुरतेच. ती मेंदूत नेमके कोणते परिवर्तन घडविते याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. तथापि तीव्र खिन्नतेत, विशेषतः जिच्यात भ्रम मिसळलेले आहेत किंवा जिच्यामुळे रुग्ण अन्न नाकारून वा आत्मघातास प्रवृत्त होऊन प्राणाच्या संकटात आहे अशा खिन्नतेत, तसेच शरीर पुतळ्याप्रमाणे ताठून वाचा बंद होते त्या स्तब्धावस्थेत, या उपचाराइतका शीघ्र गुण देणारा दुसरा उपचार आजही वैद्यकाजवळ नाही. उन्मादाच्या काही अवस्थांत आणि औषधांना न जुमानणाऱ्या स्किझोफ्रेनियातही त्याचा उपयोग होतो. याच्या उलट, कामाच्या ताणाने आलेली उदासी, घरच्या कलहाने उडालेली झोप किंवा स्वभावातील चिंताळूपणा यांवर हा उपचार नव्हे. अशा कारणासाठी कोणी तो सुचविला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकू नये. मध्यम प्रतीच्या खिन्नतेसाठी चुंबकीय उत्तेजनाचा सौम्य उपचार जपानच्या आरोग्यविम्यात 2019 पासून समाविष्ट आहे. त्यास भूल लागत नाही व आकडीही येत नाही. परंतु प्राणसंकटाच्या प्रसंगी तो विजेच्या उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

जपानात या उपचाराचा इतिहास कसा घडला हे ठाऊक असल्यावाचून येथील डॉक्टरांचे मौन आणि येथील वृद्ध शेजाऱ्यांची भीती या दोहोंचाही उलगडा होत नाही. रोम शहरी चेर्लेती आणि बिनी यांनी 1938 च्या एप्रिलमध्ये हा उपचार माणसावर प्रथम केला. आणि पुढच्याच वर्षी, 1939 साली, फुकुओका येथील क्यूशू इंपीरियल विद्यापीठात यासुकोची आणि मुकासा या दोघा वैद्यांनी तो जपानात आणला. त्यापूर्वी या देशाने मनोरुग्णांना काय दिले होते? 1900 च्या कायद्याने घरच्या घरी लाकडी गजांच्या खोलीत रुग्णास कोंडून ठेवण्याची मुभा कुटुंबाला दिली होती. प्राध्यापक कुरे शूझो यांनी अशा कोठड्यांची पाहणी करून 1918 साली त्यांचे हृदयद्रावक वर्णन सरकारपुढे ठेवले, तरीही ती प्रथा 1950 चा नवा कायदा येईपर्यंत टिकली. महायुद्धानंतर कोठड्या गेल्या आणि त्यांच्या जागी खाजगी मनोरुग्णालये भराभर उभी राहिली. रुग्ण अगणित, वैद्य थोडे, आणि भिंतीतील विजेवर चालणारी लहानशी पेटी स्वस्त. अशा स्थितीत भूल न देता, शुद्धीवर असलेल्या माणसाला झटका देण्याची रीत पडली. इतकेच नव्हे तर गोंधळ घालणाऱ्या रुग्णास धडा शिकविण्यासाठी ती पेटी बाहेर काढली जाऊ लागली. या झटक्यासाठी रूढ झालेला ‘देन्पाची’ हा शब्द त्या काळच्या वॉर्डांत दहशतीने उच्चारला जाई. ‘आसाही शिंबुन’चे वार्ताहर ओकुमा काझुओ यांनी 1970 साली मद्यपी असल्याचे सोंग घेऊन एका मनोरुग्णालयात प्रवेश मिळविला आणि आतील दुःस्थिती वृत्तपत्रातून उघड केली, 1984 साली उत्सुनोमिया रुग्णालयात कर्मचाऱ्यांच्या मारहाणीत रुग्ण दगावल्याचे उघडकीस आले, आंतरराष्ट्रीय बोभाटा झाला, आणि त्यातून 1987 ची कायदेदुरुस्ती जन्मास आली.

या अत्याचारांविरुद्ध जपानी तरुण वैद्यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस जे बंड केले ते न्याय्यच होते. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, अनेक विद्यापीठांत हा उपचार शिकविणेच बंद पडले, आणि त्यामुळे त्याची सुधारलेली रीत रुजण्यास कित्येक वर्षे अधिक लागली. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध वापरण्याचा प्रयोग जपानी वैद्यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीसच केला होता. तरी ती रीत मोठ्या इस्पितळांत प्रचारात येण्यास 1980 चे दशक उजाडले. त्रोटक स्पंदांच्या रूपाने वीज देणाऱ्या आणि म्हणून स्मृतीला कमी अपाय करणाऱ्या आधुनिक यंत्राला तर सरकारी मंजुरी 2002 साली मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली भूलरहित उपचार बंद व्हावा असे स्पष्ट सांगितले; भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर भूल व स्नायुशिथिलक यांवाचून हा उपचार करण्यास मनाईच केली आहे. जपानात तसा मनाई करणारा कायदा नाही. आरोग्यविम्याच्या दरपत्रकात भूलसहित उपचाराला कैक पटींनी अधिक मोबदला ठेवून सरकारने इस्पितळांना योग्य मार्गाकडे वळविले आहे खरे, परंतु त्याच दरपत्रकात भूलरहित उपचाराचीही एक अल्प दराची नोंद आहे. या एका बाबतीत आपल्या मायदेशाचा कायदा जपानच्या पुढे आहे, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे आणि संमतीच्या वेळी त्याचा उपयोग करावा.

तो उपयोग असा करावयाचा. आपल्यापुढे आलेल्या कागदावर ‘शूसेइगाता देन्की केइरेन र्योहो’ हे शब्द आहेत की नुसतेच ‘देन्की केइरेन र्योहो’ (विजेच्या आकडीचा उपचार), याची खातरजमा करावी. ‘शूसेइगाता’ म्हणजे सुधारित, अर्थात भूल आणि स्नायुशिथिलकासह. पुष्कळ इस्पितळांत ‘एम-ईसीटी’ असेही म्हणतात. शब्दावर न थांबता पुढचे प्रश्न विचारावेत: भूल देणारा भूलतज्ज्ञ आहे की मनोविकारतज्ज्ञच ते काम उरकतो, यंत्र स्पंदप्रवाहाचे आहे की जुन्या पद्धतीचे, उपचार शस्त्रक्रियागृहात किंवा त्यासाठी सुसज्ज खोलीत होतो की वॉर्डातल्या खाटेवर, आकडीची नोंद मेंदूच्या विद्युत्-आलेखावर घेतली जाते की नाही. ज्या इस्पितळात मनोविकारतज्ज्ञांबरोबर भूलतज्ज्ञ, हृदयतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग एका छताखाली आहेत, असे विद्यापीठाचे वा मोठे सर्वसाधारण इस्पितळ या कामी निवडावे. जपानात मनोरुग्णांसाठी तीन लाखांहून अधिक खाटा आहेत आणि त्यांतील फार मोठा हिस्सा खाजगी मनोरुग्णालयांचा आहे. त्यांतील कित्येकांत कायम भूलतज्ज्ञ नसतो, म्हणून रुग्ण आधी तेथे दाखल असला तरी केवळ या उपचारापुरता त्याला मोठ्या इस्पितळात हलविण्याची विनंती करणे मुळीच वावगे नाही. तशी चिठ्ठी देणे हा येथील डॉक्टरांचा नित्याचा व्यवहार आहे. जागेसाठी थोडे थांबावे लागेल. रुग्ण पाणीसुद्धा घेत नसेल, तर मात्र ही विनंती पहिल्याच भेटीत, निकडीची म्हणून करावी.

आता कायद्याकडे वळतो, कारण सर्वांत अधिक घोटाळा येथेच होतो. जपानी कायद्याप्रमाणे मनोरुग्ण इस्पितळात मुख्यतः तीन प्रकारे दाखल होतो. ‘निन्-इ न्यूइन्’ म्हणजे स्वेच्छेने; ‘इर्यो होगो न्यूइन्’ म्हणजे रुग्णाची इच्छा नसताना, सरकारमान्य मनोविकारतज्ज्ञाच्या तपासणीवरून आणि एका नातलगाच्या संमतीने; आणि ‘सोची न्यूइन्’ म्हणजे स्वतःस वा इतरांस इजा होण्याचा धोका असल्यास, दोघा मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या एकमतानंतर प्रांताधिपतीच्या हुकुमाने. नातलग म्हणजे पती-पत्नी, आईबाप, मुले, भावंडे असे जवळचे. चुलतभाऊ किंवा खोलीतला मित्र कितीही जिवाभावाचा असला तरी कायद्याच्या दृष्टीने त्याची सही चालत नाही, आणि नातलग नसल्यास वा त्यांनी आपला मानस न कळविल्यास नगराध्यक्षाची संमती घेतली जाते. तेव्हा एकट्याने राहणाऱ्या मराठी तरुणाच्या बाबतीत पुण्या-सांगलीतील आईवडिलांशी इस्पितळाची गाठ तातडीने घालून देणे, हे येथील मित्रांचे पहिले कर्तव्य ठरते. 2024 च्या एप्रिलपासून ‘इर्यो होगो’ प्रवेशास मुदतीचे बंधन आले आहे: पहिल्या सहा महिन्यांत एका वेळी तीन महिन्यांपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत, आणि दर मुदतीअखेर फेरतपासणी.

परंतु, आणि हे वाक्य वाचकांनी दोनदा वाचावे, इस्पितळात दाखल करून घेण्यास दिलेली संमती ही विजेच्या उपचारास दिलेली संमती नव्हे. हे दोन स्वतंत्र दस्तऐवज आहेत. उपचाराची संमती प्रथम रुग्णाकडूनच मागावयाची असते; रुग्ण मनाने इतका खालावलेला असेल की त्याला गोष्ट समजतच नाही, तेव्हाच त्याच्यासाठी नातलगाने निर्णय करावयाचा, आणि तो करतानाही रुग्ण बरा असता तर त्याने काय म्हटले असते हा विचार पुढे ठेवावयाचा. रुग्ण ‘नको’ म्हणत असेल, तर ते ‘नको’ आजाराच्या भ्रमातून आले आहे की जाणतेपणाने, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी परस्पर निर्णय उरकण्याची जी सवय आहे ती या प्रसंगी बाजूला ठेवलेली बरी. ज्याच्या मस्तकातून वीज जावयाची, त्याला आधी न सांगता, ‘रक्ततपासणीला जाऊ’ असे म्हणून नेणे हा विश्वासघात आहे, आणि बरे झालेले रुग्ण आकडी विसरतात पण तो विश्वासघात विसरत नाहीत. दिलेली संमती कोणत्याही दिवशी, मालिकेच्या मध्यावरही, परत घेता येते. वागणुकीविषयी किंवा डांबून ठेवल्याविषयी तक्रार असल्यास रुग्ण वा कुटुंबीय प्रांताच्या मनोवैद्यक पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करू शकतात. रुग्णाची पत्रे अडविण्याचा आणि वकिलाशी त्याचे बोलणे बंद करण्याचा अधिकार कोणत्याही इस्पितळाला नाही.

भाषेची अडचण खरी आहे. कामापुरती जपानी बोलणाऱ्या मनुष्यालाही संमतिपत्रातील शब्द पेलत नाहीत, आणि दहा वर्षांच्या मुलाला दुभाषी करून आईच्या आजाराची कैफियत त्याच्या तोंडून वदवून घेणे हे त्या मुलावर फार मोठे ओझे टाकणे आहे. मोठ्या इस्पितळांतून निदान इंग्रजीचा दुभाषी प्रत्यक्ष वा दूरध्वनीवरून मिळू शकतो. तो भेटीपूर्वी मागावा लागतो. ‘आम्दा’ या संस्थेचे वैद्यकीय माहितीकेंद्र परभाषिकांना मदत करते, आणि तोक्योतील ‘टेल’ ही संस्था 1973 पासून इंग्रजीतून मानसिक आधाराचे काम करीत आहे.

उपचाराची मालिका साधारणतः आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, एकूण सहा ते बारा उपचार अशी असते, आणि जपानात ती बहुधा इस्पितळात ठेवूनच करतात. आधी रक्त, हृदयाचा आलेख, छातीचे चित्र आणि मेंदूचे चित्रण होते; अलीकडे आलेला हृदयविकाराचा झटका, मेंदूतील गाठ, रक्तवाहिनीचा फुगवटा, पेसमेकर, हलणारे दात, यांपैकी काहीही असल्यास न विचारता सांगावे. भारतातून आणून चालू असलेल्या गोळ्या, विशेषतः झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या, अपस्मारावरील औषधे आणि लिथियम, वेष्टनासह डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. पहिल्या दोन प्रकारांनी आकडी नीट येत नाही, आणि लिथियमने उपचारानंतर भ्रांती वाढण्याचा संभव असतो. आयुर्वेदिक काढे, चूर्णे यांचाही उल्लेख लाजून टाळू नये. आदल्या रात्रीनंतर अन्न वर्ज्य, आणि पाणी कधीपर्यंत घ्यावे ते भूलतज्ज्ञ सांगतील तसे. ‘एवढ्याशा चहाने काय होते’ म्हणून दिलेला घोट भुलीत श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतू शकतो. नखांचा रंग पुसावा, कवळी काढावी, आणि मंगळसूत्र घरी ठेवावे.

प्रत्यक्ष खोलीत शिरेतून भुलीचे औषध जाते, क्षणात डोळे मिटतात, मग स्नायू शिथिल करणारे औषध आणि मुखवट्यातून प्राणवायू. एका पायाच्या घोट्यावर पट्टा आवळून तेवढा पाय औषधापासून राखतात, म्हणजे आकडी आली की नाही ते त्याच्या हालचालीवरून दिसते; बाकी शरीर जवळजवळ निश्चल असते. वीज फार तर आठ सेकंद, आकडी बहुधा एका मिनिटाच्या आत, आणि पाच-दहा मिनिटांत रुग्ण जागा होऊ लागतो. डोके दुखणे, मळमळ, अंग ठणकणे आणि आपण कोठे आहोत हे काही काळ न उमगणे, हे घडते व ओसरते. जिवाचा धोका अत्यल्प आहे: निरनिराळ्या देशांतील नोंदींवरून लाख उपचारांमागे सुमारे दोन मृत्यू, म्हणजे जो धोका साध्या भुलीचाच असतो त्याच्या जवळपास.

स्मृतीचा प्रश्न मात्र इतक्या सहजतेने मिटवू नये, आणि जे डॉक्टर तो हसण्यावारी नेतात त्यांच्याविषयी मला आदर वाटत नाही. उपचाराच्या काळातील दिवस रुग्णाला पुढे आठवत नाहीत, हे जवळजवळ ठरलेलेच. त्यामागच्या काही आठवड्यांच्या वा महिन्यांच्या आठवणीही विरळ होतात, आणि नवे लक्षात राहण्याची शक्ती काही काळ मंदावून मग परत येते. परंतु ब्रिटनमधील डायना रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली रुग्णांच्याच साक्षी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा किमान एक तृतीयांश रुग्णांनी स्मृतीतील काही भाग कायमचा गेल्याचे सांगितले होते. एखाद्याच्या बाबतीत तो भाग मुलीच्या बारशाचा असू शकेल, एखाद्याच्या बाबतीत नोकरीत शिकलेल्या गोष्टींचा. म्हणून विद्युदग्र केवळ उजव्या बाजूस लावता येतील का, हे विचारावे, कारण त्याने स्मृतीचा अपाय कमी होतो, जरी गुण येण्यास काही वेळा अधिक वीज वा अधिक उपचार लागले तरी. प्राण संकटात असता दोन्ही बाजूंची रीत निवडणे क्रमप्राप्त ठरते, हेही मान्य करावे. बँकेचे व संगणकाचे परवलीचे शब्द, कंपनीच्या कामाचा तपशील, रजेची व व्हिसाच्या मुदतीची तारीख मालिकेपूर्वी लिहून ठेवावी. मालिका चालू असताना आणि डॉक्टर अनुज्ञा देईपर्यंत वाहन चालवू नये, घर विकू नये, राजीनामा देऊ नये. कुटुंबातील एकाने रोज चार ओळींची नोंदवही ठेवावी: किती जेवले, किती झोप, काय बोलले, काय विसरले. चौथ्या-पाचव्या उपचारानंतर पुढे जावे की थांबावे हे ठरविताना डॉक्टरांना त्या वहीचा जेवढा आधार होतो, तेवढा दहा मिनिटांच्या भेटीचा होत नाही.

खर्चाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. उपचार आरोग्यविम्यात बसतो. सत्तरीच्या आतील प्रौढास तीन दशांश वाटा भरावा लागतो, आणि ‘कोगाकु र्योयोही’ या तजविजीमुळे उत्पन्नाच्या मानाने ठरलेल्या मासिक मर्यादेपलीकडचा भार विमा उचलतो. मर्यादेचा दाखला आधी घेतला तर ती रक्कम हातची मोजून मग परत मागण्याची वेळ येत नाही. इस्पितळातून सुटल्यावर बाहेरून चालणाऱ्या मनोवैद्यक उपचारासाठी ‘जिरित्सु शिएन्’ योजनेखाली वाटा एक दशांशावर येतो. अर्ज नगरपालिकेत करावयाचा. मुलांकडे थोड्या दिवसांसाठी आलेल्या आईवडिलांना मात्र यांतील काहीही लागू नाही, आणि प्रवासविम्यात मानसिक आजार बहुधा वगळलेला असतो. त्यांचा आजार बळावत असेल आणि प्रवास झेपत असेल, तर लवकर स्वदेशी नेणेच हितावह.

शेवटी ज्या गोष्टीकडे बरे वाटू लागलेल्या कुटुंबाचे हमखास दुर्लक्ष होते ती सांगून थांबतो. विजेने आलेला गुण आपोआप टिकत नाही. अमेरिकेतील हॅरॉल्ड सॅकाइम यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या उपचाराने पूर्ण बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी ज्यांना पुढे नुसत्या बनावट गोळ्या दिल्या त्यांच्यातील 84 टक्के सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. एक खिन्नताविरोधी औषध चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण 60 टक्के होते, आणि त्याबरोबर लिथियम घेणाऱ्यांत 39 टक्के. तेव्हा पुढील औषधांची किंवा काही आठवड्यांच्या अंतराने द्यावयाच्या संरक्षक उपचारांची योजना मालिका संपण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. आणि नोकरीची बदली, व्हिसाची मुदत किंवा घरची ओढ यांमुळे मायदेशी परतण्याचे ठरल्यास ‘शिन्र्यो जोहो तेइक्योशो’ हे माहितीपत्र, एकूण किती उपचार झाले, विद्युदग्र कोठे लावले, किती वीज दिली, कोणती भूल सोसली आणि कोणती औषधे चालू आहेत या तपशिलासह इंग्रजीत मागून घ्यावे. पुण्यातील वा मुंबईतील डॉक्टरांना पुढचा उपचार त्याच कागदावरून ठरवावयाचा आहे. तो हाती पडल्यावाचून विमानाचे तिकीट काढू नये.